बाहेरच्या बिजागऱ्या

४ फेब्रुवारी

ठिणगी,

पुढचं फाटक. गच्चीवर जाणारा गोल जिना, ज्याची एकही पायरी दुसरीपेक्षा केसभर उंच नाही. तुझ्या पहिल्या सायकलचं मागचं कॅरियर, ज्यावर तू मांजराला बसवून फिरवायचीस. मागच्या दारचा झोपाळा, त्याच्या कड्या आजतागायत कुरकुरलेल्या नाहीत. शेजारच्या शिंप्याचं इस्त्रीचं टेबल. आक्काची धरून चालायची घोडी, तिच्या उंचीला मापून. आणि टेकडीवरच्या वृद्धनिवासातली आठ दारं, ज्यांतलं एक तिच्याच, म्हणजे तुझ्या आत्याच्या खोलीचं.

हे सगळं मी या दोन हातांनी केलं. कुठल्या कॉलेजात गेलो नाही, कुणाच्या हाताखाली राबलो नाही. वेल्डिंग शिकलो ते पुस्तकं वाचून आणि भाजून घेऊन. यादी अशासाठी दिली की मागच्या खेपेला जाताना उंबऱ्यात उभी राहून तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही काय केलंय ते तुम्हाला दिसतच नाही." मला दिसतं. वर लिहिलंय.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझं म्हणणं एकच आहे, आत्याला घरी आणा. माझं म्हणणंही एकच आहे, घरी आणून बघायचं कुणी? गॅस उघडा टाकून ती बागेत फुलं मोजत बसली होती, तेव्हा तू इथं नव्हतीस. रात्रीच्या कपड्यांत बसथांब्यावर जाऊन ती कंडक्टरकडे आईच्या घराचं तिकीट मागत होती, तेव्हाही तू इथं नव्हतीस. मी दिवसभर ग्राइंडर घेऊन घरामागच्या कारखान्यात. कानात आवाज, डोळ्यांवर चष्मा. निवासाला दारं हवी होती, मला तिच्यासाठी जागा हवी होती. दारांच्या मजुरीत तिची खोली, असं ठरलं. उपकार घेतले नाहीत कुणाचे. तुझी आई गेल्यावर आत्यानं तुला वाढवलं, मान्य. पण ती तुझी होण्याआधी माझी बहीण होती, हे तू विसरतेस.

आता तुझ्या निरोपाविषयी. "एक मालिका आहे, तेरा भाग. शेवटपर्यंत बघा, मग मला फोन करा. बघूनही तुम्ही नाहीच म्हणालात, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही." मला वाटलं थट्टा करतेयस. उघडून बघतो तर चित्रांची मालिका, जपानी बोलणं, खाली अक्षरं. पहिल्याच चित्रात बशीएवढ्या डोळ्यांची एक मुलगी, रक्तानं न्हालेली. मी चोपन्न वर्षांचा माणूस आहे, ठिणगी. आठव्या मिनिटाला पहिलं मुंडकं उडालं आणि मी बंद केली. शिंपी दारातून बघत होता. म्हणाला, "लेकीनं पाठवलंय? काय केलंस काय तू तिचं?"

दोन दिवस तशीच पडून होती. पण अर्धवट टाकलेलं काम मला छळतं, हे तुला माहीत आहे आणि तू तेच ओळखून पाठवलंस. रविवारी दुपारी बसलो आणि पहिला भाग पुरा केला.

तटबंदीतलं गाव. अंधार पडला की भोंगा वाजतो, माणसं घरात जातात आणि मग पाहुणे येतात. पाहुणे म्हणजे बिनचेहऱ्याचे, उंच, खाटकासारखे एप्रन घातलेले कुणीतरी. सकाळी एका घरातलं एक माणूस कमी असतं आणि भिंती धुवाव्या लागतात. माणसाच्या अंगात एवढं रक्त नसतं. मी स्वतःला दोनदा ग्राइंडरनं कापून घेतलंय, मला विचार. त्या मुलीला डाव्या हाताचा पंजा नाही, मनगटाला कोयता बांधलाय. कशानं? चामड्याच्या पट्ट्यानं! पहिल्याच घावाला फिरेल तो. खोबण हवी, आरपार बोल्ट हवा.

आणि दारं! गावचा एकडोळ्या लोहार सगळ्यांना दारं करून देतो, भक्कम, जाड, पाहुण्यांनी घुसू नये म्हणून. पण चित्रात ती सगळी दारं रस्त्याकडे उघडतात आणि बिजागऱ्याही रस्त्याकडेच. अगं, दार ज्या बाजूला उघडतं, त्या बाजूला बिजागरीची गाठ येते. गाठीतला खिळा खालून ठोकून वर काढला की दार हातात. पाहुण्यांना बाहेर ठेवायचंय आणि खिळे पाहुण्यांच्या हाताशी? चित्र काढणाऱ्यानं जन्मात बिजागरी उघडून पाहिलेली नाही. एवढी साधी चूक करणाऱ्यांकडून मी काय शिकायचं?

जेवणखाण सांभाळ.

बाबा


१९ फेब्रुवारी

ठिणगी,

माझ्या दोन पानांना तुझं उत्तर तीन शब्दांचं. "पुढचा भाग बघा." बरं.

चार भाग झाले. शिंपी आता दुपारचा डबा घेऊन इकडेच येतो. मी म्हटलं, तुला काय गोडी लागली? म्हणाला, "गोडी नाही रे, तिच्या कोटाला कुठंच शिवण नाही, तो अंगात कसा घातला ते बघतोय." तिसऱ्या भागात पाहुणे सुताराच्या बायकोला नेतात, तेव्हा मात्र त्याचा घास हातातच राहिला. मीही तेव्हा खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत होतो. चपलेला काही झालं नव्हतं.

एक कबूल करतो, लोहार बरा काढलाय. कमी बोलतो. दार बसवलं की ते उघडून सोडून देतो आणि कान लावून ऐकतो. आवाज आला नाही की मान हलवतो. मी तसंच करतो. लोखंडी दार आणि आवाज नाही, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. निवासाच्या दारांना मी चौकटीत चहूबाजूंनी रबरी पट्टी बसवलीय. दार लागलं की फक्त हवा दबल्याचं कळतं. संचालक म्हणाले होते, "म्हाताऱ्या माणसांची झोप नाजूक असते, शांतता पाहिजे." मी शांतता दिली.

काल त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, साखरेत घोळलेला. "तुमच्या कामाला शोभत नाही हो हे. दारांचा रंग आतून गेलाय." फोटो पाठवला. करड्या रंगाच्या मधोमध पत्रा उघडा पडलेला, तळहाताएवढा. मला रात्रभर बरं वाटलं नाही. पत्रा खरवडून, दोन हात प्रायमर, वर दोन हात रंग, मध्ये पुरेसा वेळ वाळू दिलेला. वर्ष झालं नाही आणि रंग जातो? मी दुकानदाराला फैलावर घेतलं. तो म्हणाला, त्याच डब्यातला रंग दुसऱ्या तिघांना दिला, कुणाची तक्रार नाही. खोटं बोलत असणार.

चौथा भाग चालू असताना शिंपी मध्येच म्हणाला, "तुझी टेकडीवरची दारंही बाहेरच उघडतात ना, या लोहारासारखी?"

मी म्हटलं, ती आगीसाठी. आग लागली तर माणसं दारावर लोटतात, दार आत उघडणारं असेल तर अडकतात. नियमच आहे तसा. संचालकांनी सांगितला आणि तो मलाही पटला.

"मग आगीत कडी कोण काढणार?"

मी त्याला म्हटलं, चहा घे, गार होतोय.

पुढच्या आठवड्यात टेकडीवर जाऊन रंग बघून येतो. तुझ्या आत्यालाही भेटेन. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

बाबा


६ मार्च

ठिणगी,

आत्या मजेत आहे. वजन थोडं उतरलंय, पण या वयात ते बरंच असतं म्हणतात.

भेट नेहमीसारखी पुढच्या दिवाणखान्यात झाली. खोल्यांकडे पाहुण्यांना सोडत नाहीत. पाहुणे हा शब्द मी आत्ता लिहिला आणि थांबलो. त्या मालिकेनं डोकं खराब केलंय. नातेवाइकांना, असं वाच. फोनही फाटकावरच ठेवून घेतात, आतल्यांना त्रास नको म्हणून. आक्का खुर्चीत बसली होती, केस कुणीतरी बारीक कापलेत. मला बघून म्हणाली, "दादा, तू आत कधी आलास?" मी म्हटलं, आक्का, मी धाकटा. मी भेटायला आलोय. तर म्हणाली, "हां, भेटायला." मग माझा हात हातात घेऊन तळव्यावरून अंगठा फिरवत राहिली, गोल गोल. आपण लहान मुलाला झोपवताना फिरवतो तसा.

निघताना म्हणाली, "आमच्या दाराला मूठ लावायची राहिलीय रे. लावशील?"

तिचं मी मनावर घेत नाही. तिला काय आठवतं आणि काय नाही, याचा भरवसा नाही. पण तू काही ऐकण्याआधी मीच सांगतो. आतून मूठ चुकून राहिलेली नाही, ती ठेवलीच नव्हती. मी भोकं पाडली होती, इतर सगळ्या दारांना असतात तशी. संचालक म्हणाले, नको, मुठीत बाही अडकून म्हातारी माणसं पडतात, गेल्या साली एकीचा खुबा मोडला. कारण रास्त होतं. मग मी ती भोकं भरली आणि घासून अशी सपाट केली की डोळे मिटून हात फिरवलास तर तुलाही कुठं होती ते कळणार नाही. कडी फक्त बाहेरून.

भेटीनंतर कामाचा माणूस म्हणून मला आत सोडलं. निळ्या झग्यातली एक मावशी बरोबर होती, कमरेला चाव्या नाहीत, नुसती शिट्टी. आठही दारं तपासली. आठांचाही रंग गेलाय, आणि गंमत अशी की एकाच जागी. टेप लावून मापलं, जमिनीपासून चाळीस इंच, कडीच्या अंगाला. डाग आठ, पण माप एकच. खालवर एकाही ठिकाणी ओरखडा नाही. रंगात खोट असती तर पापुद्रे कुठूनही सुटले असते. बुरशी म्हणावी तर भिंती कोरड्या. चाळीस इंच ही आपली मूठ बसवायची उंची, पण मूठ तर तिथं नाहीच. कशानं झालं असावं, मला उमगलेलं नाही. रंगाचं पुस्तक काढून बसणार आहे.

संचालकांनी चहा पाजला. म्हणाले, पलीकडच्या डोंगरावर नवीन इमारत होतेय, मोठी. "दारं तुमचीच. आमच्याकडे आलेले डॉक्टरसुद्धा विचारतात, इतकी शांत दारं कुणी केली?" मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

भाग सहा झाले. सहाव्यात ती कोयतेवाली मुलगी लोहाराच्या घरी कामाला राहते. रक्त कमी आहे, पण का कोण जाणे, हा भाग मला जास्त जड गेला.

बाबा


९ मार्च

ठिणगी,

सातवा भाग पाहिला.

ती चूक नव्हती.

मुलीला रात्री लोहाराच्या माळ्यावर कोंडतात. भोंगा वाजतो. ती हातोडी आणि ठोकणी घेऊन बिजागरीचा खिळा काढायला जाते, सबंध चौकटीवरून हात फिरवते, आणि तिला गाठ सापडत नाही. गाठ पलीकडे आहे. गावातल्या सगळ्या दारांची गाठ पलीकडेच आहे. म्हणजे दारं पाहुण्यांना बाहेर ठेवायला नव्हतीच. पाहुणे केव्हाही उघडू शकत होते. दारं आतल्यांसाठी होती. पहिल्या चित्रापासून ते समोर होतं आणि मी चित्रकाराला शिव्या देत होतो.

सकाळी ती लोहाराला विचारते, तुला माहीत होतं? तो म्हणतो, "माझ्याकडे भक्कम दार मागितलं. मी भक्कम दार दिलं."

शिंपी उठला. डबा न उघडताच घेऊन गेला.

परवा मी रंग घेऊन टेकडीवर जातोय.

बाबा


१७ मार्च

ठिणगी,

हे पत्र तीनदा फाडलं. आता जसं घडलं तसं लिहितो, मध्ये माझं काही घालत नाही.

पिशवीत रंगाचा डबा, ब्रश, पॉलिश पेपर, हातोडी, ठोकणी, पाना. फोन फाटकावर जमा. मावशीनं आक्काच्या खोलीचं दार उघडून दिलं. आक्का पलंगावर बसलेली, पाय लटकलेले. घोडी कोपऱ्यात उलटी करून ठेवलेली. खिडकी आहे, पण वर, आणि काच बसवलेली आहे, उघडायची नाही. ती खिडकी माझी नाही.

दार उघडं ठेवून मी आत आलो आणि आतल्या अंगाचा डाग घासायला दार अर्धवट ओढून घेतलं, उजेड नीट पडावा म्हणून. बाहेरून चपला वाजत गेल्या. दार सरकलं, हवा दबली आणि कडी बसली.

त्या बाईचा दोष नाही. दार उघडं दिसलं की लावायचं, हा तिथला शिरस्ता. हाताला सवय पडलेली असते. मी हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग हातोडीनं पत्र्यावर वाजवलं. अठरा गेजचा दुहेरी पत्रा, मध्ये आवाज गिळणारी काचेच्या लोकरीची गादी, चारी अंगांना रबर. खोलीत कान फुटतील असा दणका आणि पलीकडे काही नाही. मी स्वतः बसवलेलं आहे, म्हणून मला माहीत होतं की पलीकडे काही नाही.

हातात ठोकणी होती आणि खिळे पलीकडे होते.

आक्का म्हणाली, "ओरडू नकोस. जेवणाच्या वेळी उघडतात."

मी म्हटलं, आक्का, जेवणाला अजून अवकाश आहे. ती म्हणाली, "हो ना." आणि सरकून मला पलंगावर जागा केली.

मी बसलो नाही. दारापाशीच उभा राहिलो. भिंतीत घंटेचं बटण होतं, दाबलं, ते दबत गेलं आणि आतच राहिलं. उकडत होतं. रंगाचा डबा मी उघडून ठेवला होता, त्याचा वास डोक्यात चढायला लागला, तेव्हा झाकण लावलं. किती वेळ झाला ते मी घड्याळात पाहिलं नाही, मुद्दाम. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की माझा उजवा हात दारावर आहे. कधी ठेवला ते कळलं नव्हतं. तळहात बरोबर उघड्या पत्र्यावर, चाळीस इंचांवर, मूठ असायला हवी तिथं. पत्रा तिथं आरशासारखा गुळगुळीत झालाय. पॉलिश पेपरनं होत नाही तसा. मी कितीही घासलं असतं तरी झाला नसता.

"तिथंच ठेव हात," आक्का म्हणाली. "बरं वाटतं."

रंगात खोट नव्हती. दुकानदाराची मी जाऊन माफी मागितली. कारण त्याला सांगितलं नाही.

जेवणाच्या वेळी दार उघडलं. मावशीच्या हातात ताट होतं, मला बघून ते पडलं. पळत संचालक आले, घाम पुसत हसले. "अहो, काय हे! पण खरं सांगा, काम कसं एक नंबर झालंय ना? आम्हाला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही!"

मी म्हटलं, बहिणीला घरी नेतोय.

ते म्हणाले, अवश्य, फक्त कागदपत्रं, डॉक्टरांचा शेरा, आठवडाभरात करू. तोवर नियमानं खोलीतच. मावशीनं दार लावायला हात पुढे केला.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा माझं काम मोडलं. मी बाहेर होतो, खिळे माझ्या बाजूला होते. खालून ठोकणी लावली. तीन बिजागऱ्या, तीन खिळे, तेल घातलेले, लोण्यासारखे निघाले. दार भिंतीला टेकवून ठेवलं. कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तर काय केलं असतं, ते लिहीत नाही. हातात हातोडी होती, एवढंच. आक्का घोडी टेकत बाहेर आली. व्हरांड्यात बाकीची सात दारं बंद होती. सगळ्यांच्या कड्या लागलेल्या. आवाज काहीच नव्हता. माझं काम चांगलं आहे, ठिणगी, त्यामुळे आवाज नव्हता.

आक्का एकेका दारापुढं थांबत होती. मी तिला म्हटलं, चल. मी तिला चल म्हटलं, हे लिहिणं भाग आहे.

बाबा


३० मार्च

ठिणगी,

तुझा फोन आला तेव्हा मला धड बोलता आलं नाही, आणि तू तर नुसती रडत होतीस. म्हणून राहिलेलं लिहितो.

आत्या तुझ्या खोलीत झोपते. सकाळी शिंप्याची बायको बसते, दुपारी शिंपी, बाकी वेळ मी. गॅसचा कॉक मी बाहेरच्या नळीवर बसवलाय, त्याची चावी माझ्या खिशात. काल तिनं शिंप्याच्या बायकोला तू समजून वेणी घालून दिली. त्या बाईचे केस मानेएवढे. कशी घातली कुणास ठाऊक!

राहता राहिलं बाहेरचं दार. कडी घालणार नाही, हे तर ठरलं. मग ती रस्त्यावर जाऊ नये म्हणून काय करायचं? दोन दिवस विचार केला. शेवटी फडकं घेतलं आणि बिजागऱ्यांचं तेल पुसून काढलं. वर चिमूटभर बारीक वाळू. आता दार हललं की असं करकरतं की गल्ली जागी होते. शिंपी म्हणाला, "तुझ्या घरात असला आवाज? लोक काय म्हणतील?" मी कारखान्यात ग्राइंडर चालवत असलो तरी ऐकू येतं. ऐकलं की ग्राइंडर बंद करतो आणि बघायला जातो. बहुतेक वेळा ती नुसती दारात उभी असते. मूठ धरून. उघडते, लावते, पुन्हा उघडते.

उरलेले भाग पाहिले. आक्काही बसली होती. माणसं कापली जात होती आणि ती म्हणत होती, "रंग छान दिलेत." शेवटच्या भागात लोहार भोंग्यानंतर बाहेर पडतो आणि घरोघरची बिजागरी ठोकत सुटतो. एकेक खिळा निघतो, माणसं बाहेर येतात. पण घरं पुष्कळ आहेत, त्याचे हात म्हातारे आहेत आणि गल्लीच्या टोकाशी एप्रन दिसायला लागतात. मग पडदा काळा. पाहुणे त्याच्यापर्यंत पोचले की नाही, ते दाखवलंच नाही! मी चिडलो. शिंपी म्हणाला, "थांब, बंद करू नकोस. ऐक." काळ्या पडद्यामागून हातोडीचे घाव येत होते. शेवटची नावं संपेपर्यंत येत होते.

तू मला सरळ सांगितलं असतंस की बाबा, ती खोली नाही, कोठडी आहे, तर मी तुला आगीचा नियम ऐकवला असता. मागच्या खेपेला तू दारांचं विचारलंस तेव्हा ऐकवलाच होता. तू ओळखलंस की मी रक्ताकडे बघणार नाही, बिजागरीकडे बघेन. माझीच मुलगी आहेस. कोयत्याचा पट्टा मात्र अजूनही चूक आहे. ते मी सोडणार नाही.

आता शेवटचं. निवासांच्या सरकारी तपासणी खात्याला मी माझ्या दाराचं चित्र काढून पाठवलं, मापांसह. गाठ कुठल्या बाजूला, कडी कुठं, भरलेली भोकं कुठं, रंग कुठं गेला आणि कशानं. खाली लिहिलं, हे दार मी केलं. पोच आलेली नाही. दोनदा जाऊन आलो, साहेब जागेवर नाहीत.

संचालकांना मात्र कुठून तरी कळलं. काल ते स्वतः कारखान्यात आले, हातात नवीन इमारतीचा नकाशा. आक्का झोपाळ्यावर होती, तिला लवून नमस्कार केला. मी म्हटलं, आधी त्या सात दारांना आतून मूठ लावतो. फुकट. आज येतो. ते हसले. "एवढं कशाला मनाला लावून घेता? सात खोल्यांतल्या कुणी तक्रार केली आहे का?" मग जरा वेळानं, "आणि दारांवर शिक्का तुमचा आहे, आमचा नाही. कुणी चौकशी केलीच तर आधी कुणाला विचारतील?" आवाज तोच, साखरेत घोळलेला.

तेवढ्यात घराचं बाहेरचं दार करकरलं. आक्का झोपाळ्यावरून उठून आत गेली होती, कळलंही नव्हतं. मी ग्राइंडर खाली ठेवून बघायला गेलो. ती मूठ धरून उभी होती. परत आलो तोवर त्यांनी नकाशा माझ्या टेबलावर पसरून चार कोपऱ्यांवर माझीच हत्यारं ठेवली होती. मी ती उचलली, नकाशा आपोआप गुंडाळला गेला. ते म्हणाले, नमुना आमच्याकडे आहेच, दुसरा कुणी करेल, तुमच्याइतका शांत नाही होणार, पण करेल. खरं आहे. करेल. सात दारं तिथं आहेतच. उद्या मी पुन्हा खात्यात जाणार आहे, आणि तिथून टेकडीवर. पिशवी भरून ठेवलीय.

त्यांनी काय देऊ केलं होतं, तेही तुला माहीत असावं, म्हणजे उद्या कुणी मला वेडा म्हटलं तर तू नीट आकड्यानिशी सांगू शकशील. अठ्ठावीस दारं, याच नमुन्याची. आक्काला नव्या इमारतीत कोपऱ्यातली खोली, मरेपर्यंत फुकट. खात्याला एक ओळ, की चित्रात माझी चूक झाली. आणि बावीस लाख चाळीस हजार, अर्धे कालच, रोख. दाराचा भाव मला पाठ आहे, माल, मजुरी आणि नफा धरून एवढ्याचे निम्मेही होत नाहीत. उरलेले कशाचे, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बावीस लाख चाळीस हजार. मी नको म्हणालो.

बाबा